होईलराव

आमचा धाकटा भाऊ ‘होईल’ म्हणाला की समजायचं, होत नाहीये. नळ दुरुस्त होईल का रे? होईल. वेळेवर पोचशील का? होईल की. होईलराव हे नाव मीच पाडलं त्याचं, आणि घरात तेच चिकटलं. आता मी हे सांगणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. माझं शिवणाचं दुकान आहे, आणि ‘मंगळवारी या’ हे मी दिवसातून जितक्यांदा म्हणते तितक्यांदा सुईत दोराही ओवत नसेन. पण शिंपिणीचा मंगळवार जगजाहीर असतो, गिऱ्हाईक गुरुवारीच येतं. धाकट्याचं ‘होईल’ मात्र लोक खरं धरून चालतात, कारण तोंड गरीब गाईसारखं.

तो पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत आहे. मशीन जोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा घासतोय ते सांगतो. मग कंपनीतल्या मॅडमनी त्याला प्रोजेक्ट मॅनेजर केलं. सहा महिने करून बघ म्हणाल्या. मानवलं तर राहा, नाही तर परत मशिनावर जा, पण शेवटी काय ते तूच सांगायचं.

“म्हणजे नक्की करायचं काय असतं रे?” मी विचारलं.

“काही करायचं नसतं, ताई. करणाऱ्यांना ‘झालं का’ विचारत हिंडायचं.”

“अगंबाई! मग ते आपले अप्पा फुकट करतात की दिवसभर.”

तेव्हा हसलो आम्ही. अप्पा, म्हणजे आमचे वडील, त्याच्याकडेच राहतात. तेही हसले आणि मग खोकत बसले.

त्याच्या ऑफिसात भिंतीवर फळा आहे. ज्याने त्याने आपल्या कामापुढे दर सोमवारी गोल चकती लावायची. ठीक चाललंय तर हिरवी, अडलंय तर पिवळी, बुडालंय तर लाल. धाकट्याकडे एका बिस्किटाच्या कारखान्याचं काम होतं. त्याचा गिअरबॉक्स बाहेरून यायचा होता, आणि तो वेळेवर येत नाही हे ह्याला कळलं होतं. तरी दर सोमवारी हा हिरवी चकती लावून मोकळा. वाटलं येईल, जागून बसवू, कुणाला कळणारही नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? कारखान्याने ह्याच्या शब्दावर जुनं मशीन उपटून काढलं, नवं उभंच राहिलं नाही, आणि कामगार घरी बसले. तिथले म्हातारे फोरमन त्याला एवढंच म्हणाले, “पोरा, आधी बोलला असतास तर जुनं काढलंच नसतं रे.” हे मला सांगताना तो ढसाढसा रडला.

मॅडम ओरडल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “मशीन तुला कळतं. पण हे काम मशीनचं नाही. कुणाला जे ऐकायचं नसतं, ते त्याला सगळ्यांत आधी जाऊन सांगायचं, हे काम आहे. ते तुझ्याच्याने होतंय का बघ, आणि शुक्रवारी मला सांग.”

मी असते तर तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. मला विचारा ना! आई आजारी होती तेव्हा मी सासरी, मांडीवर पंधरवड्याची लेक. रोज फोन करायची. रोज हाच उचलायचा. “आई बरी आहे, ताई. झोपलीय.” “आज जेवली का रे?” “जेवेल की.” अप्पांनी त्याला बजावलं होतं, ओली बाळंतीण आहे, तिला काही कळू देऊ नकोस. आणि हा मूग गिळून बसला. मी आईसाठी पुढून उघडणारा मऊ गाऊन शिवला, बरी झाली की घालेल म्हणून. घेऊन पोचले तेव्हा तिची वाचा गेलेली. मला ओळखलं की नाही, तेही मला माहीत नाही. तो गाऊन मी तिला घातला, तो तिचा शेवटचाच कपडा. अप्पांना काय बोलणार, म्हातारा माणूस, स्वतःच मोडला होता. सगळा राग मी धाकट्यावर काढला. पुढे बोलायला लागलो, पण तो सल गेला नाही.

तर गुरुवारी भर दुपारी हा दुकानात हजर. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मला वाटलं, उद्याचा शुक्रवार घेऊन आलाय. माझ्या हातात एका पँटची चेन होती, ती उसवता उसवता मी सुरू झाले.

“हे बघ, स्पष्ट सांगते. तुला नाही जमायचं ते. माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची तुझी छाती नाही. आजवर कधी झाली नाही, आता कुठून होणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जा मुकाट्याने मशिनावर. मशीन काही विचारत तरी नाही.”

तो ऐकत राहिला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, “ताई, मशीन बंद कर.”

मोटारीचं शिवणमशीन नुसतंच चालू राहिलं होतं. मी बंद केलं.

“अप्पांच्या खोकल्याचा रिपोर्ट आला. फुप्फुसाचा कॅन्सरच आहे, आणि पसरलाय. मी हॉस्पिटलातूनच येतोय. अप्पा म्हणाले, ताईला एवढ्यात सांगू नकोस, तिच्या पोरीची परीक्षा आहे. मी त्यांना घरी सोडलं आणि सरळ तुझ्याकडे आलो.”

मी म्हटलं, “औषधं असतील ना रे आता? आईच्या वेळी नव्हती तशी?”

“खोकल्याला आहेत. दुखण्याला आहेत.”

“होतील बरे. काटक आहेत अप्पा. होतील ना रे?”

त्याने खिशातून रिपोर्टचा कागद काढून माझ्यापुढे धरला.

“अरे, होतील म्हण की!”

“नाही, ताई,” तो म्हणाला. “नाही होणार. थंडी संपेपर्यंतही राहतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.”

मी हातातली पँट त्याच्या अंगावर भिरकावली. नको नको ते बोलले. जन्मभर ज्या एका शब्दावरून त्याला सोललं, तोच शब्द मला त्याच्याकडून हवा होता, खोटा का होईना, आणि त्याने तो दिला नाही. ती पँट त्याने उचलली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. मग मी त्याच्या गळ्यात पडून रडले. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली.

शटर ओढून आम्ही निघालो. रस्त्यात त्याने विचारलं, “उद्या काय सांगू मॅडमना?”

“हो सांग.”

“आत्ता तर म्हणालीस...”

“मघाशी म्हणाले. आता हो म्हणतेय.”

“ताई, मला हे अजिबात आवडत नाही गं.”

“असू दे. ज्याला आवडत नाही ना, त्यानेच येऊन सांगावं. दुसऱ्या कुणाकडून मला हे ऐकवलं नसतं.”

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

अप्पा खिडकीशी बसले होते. मला बघितलं आणि धाकट्याकडे वळून म्हणाले, “सांगितलंस वाटतं, होईलराव?” रागाने नाही. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं. मी शेजारी बसले, त्यांचा हात धरला. तेव्हा ते म्हणाले, “बरी आलीस. ही पँट बघ, कमरेत सैल झालीय. उभं राहिलं की धरून ठेवावी लागते. जरा आत घेऊन दे.”

“देते,” मी म्हणाले.

“कधी देशील? तुझा मंगळवार नको हं मला, पोरी. तो काही मला परवडायचा नाही.”

मी पिशवीतून सुईदोरा काढला. “आत्ता देते, अप्पा,” म्हटलं, “इथेच बसून,” आणि सुईत दोरा काही केल्या जाईना, तो धाकट्याने ओवून दिला.