केसांचा गुरुवार

सुनेचे केस टिकले तर कुसुमताईंचा फायदा नक्की किती, ते आधी बघायला हवं. मुलाचं, समर्थचं, लग्न ठरत होतं तेव्हा त्यांच्या नणंदेनं, गोजाबाईंनी, आपल्या दिराची मुलगी पुढे केली होती. कुसुमताईंनी ती नाकारली आणि स्वरूपाला पसंत केलं. कारण विचारल्यावर भर बैठकीत म्हणाल्या, "हिची वेणी बघा अन् मग बोला." वेणी कमरेच्या खाली होती. गोजाबाई गप्प बसल्या, पण विसरल्या नाहीत. आता अक्षयतृतीयेला राजगुरुनगरला नात्यातलं लग्न होतं आणि गोजाबाई लातूरहून येऊन आधी रहाटणीत, कुसुमताईंकडेच उतरणार होत्या. म्हणजे वेणी शाबूत तर कुसुमताईंचा शब्द शाबूत. सुनेची माया होतीच, नाही असं नाही. पण या हिशेबात ती दुसऱ्या ओळीवर.

आणि वेणी तर उंदराच्या शेपटीवर आली होती.

स्वरूपा चाकणला, गाड्यांचं वायरिंग जोडणाऱ्या कंपनीत. बायकांना तिथे फर्स्ट शिफ्टच. पावणेसहाला चौकात बस, सातला लाइनवर, केस कंपनीच्या टोपीत कोंबलेले. घरी न्हाणीची जाळी केसांनी तुंबायची. कुसुमताईंनी मेथीचं तेल काढलं, कढीपत्ता उकळला, जास्वंदीची पानं वाटली, शेवटी कांद्याच्या रसावर आल्या. कांद्याच्या रसाचा फायदा एवढाच झाला, की स्वरूपाला बसमध्ये खिडकीची जागा न मागता मिळू लागली.

"टँकरचं पाणी हाय, दुसरं काय!" असा त्यांनी निकाल दिला. पण पाण्याला दोष द्यायचा, तर वरच्या मजल्यावरच्या आरफाचं काय करायचं? काळेवाडीत गॅरेज असलेल्या करीमभाईंची ही लेक. टाकी तीच, बस तीच, लाइन तीच, टोपीही तीच. आणि वेणी अशी जाड, की टोपीचं इलॅस्टिक रडकुंडीला यावं.

काहीतरी गुपित तेल असणार, असं धरून कुसुमताई एका गुरुवारी दुपारी तिळगुळाची ताटली घेऊन वर निघाल्या. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत निमित्त चालतं. आरफा गच्चीत होती. कठड्याला पाठ लावून, ओले केस पुढे घेऊन उन्हात बसलेली.

"कोणतं तेल गं, आरफा? खरं सांग. मी कुणाला बोलायची न्हाई."

"तुमचंच, मावशी. मेथीचं. दिवाळीला दिलेली बाटली अजून संपली नाही."

आनंद मानावा की राग, कुसुमताईंना कळेना. "मग आमच्या हिच्या डोक्यात काय काटे हायेत? तीच मेथी, तीच बाटली!"

"वहिनी केस कधी धुतात?"

"शुक्रवारी. चारला उठती बिचारी."

"आणि पावणेसहाला बस. मग वाळतात कधी?"

कुसुमताई ताटली मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"पिळून तसाच अंबाडा, वर टोपी, ती दुपारी तीनपर्यंत. मावशी, ओला टॉवेल डब्यात घालून झाकण लावा आणि दुपारी उघडून हुंगा. वहिनींचं डोकं म्हणजे तो डबा."

"अन् तू लई शहाणी! तू काय करतीस?"

"आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी कधी? गुरुवारी. मग गुरुवारी धुवायचे. आधी तासभर तेल, तेही चार थेंब. उन्हात कोरडे होऊ द्यायचे, तोवर कंगव्याला हात नाही. मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर गुंता काढत यायचं. वेणी सैल. टोपी पण त्याच दिवशी धुते. बास, एवढंच."

"गुरुवारी," असं म्हणून कुसुमताई उठल्या आणि ताटली तशीच घेऊन खाली आल्या. तिळगूळ द्यायचा राहिला.

कारण गुरुवारी या घरातल्या बायकांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असा नेम होता. सोमवार, शनिवार उपासाचे म्हणून बाद. उरलेल्या दिवशी स्वरूपा चाकणला. मोशीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचून न्हाईपर्यंत दिवेलागण, आणि दिवेलागणीला केस मोकळे सोडायचे नाहीत, हा आणखी एक नेम. सगळं वजा जाता शिल्लक राहायची ती पहाट, आणि सुट्टीत झोप झालेली असायची म्हणून ती शुक्रवारची.

खाली स्वरूपा चप्पल काढत होती. पार्लरमधून आलेली.

"आत्या, मी केस कापते. मानेपर्यंत. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय."

"कापतीस? अन् गोजाबाईला काय दाखवू? लग्नाचा अल्बम?"

"मग गुरुवारी न्हाऊ द्या. आरफा मला कधीची सांगायलीय. मीच तुमच्याजवळ बोलले नाही."

"ते न्हाई व्हायचं."

"मग काय व्हायचं ते तरी सांगा! दर शुक्रवारी मूठभर हातात येतात. जेवणाच्या सुट्टीत मला टोपी काढायची भीती वाटते, आत्या. बाकीच्या बायका बघतात."

हे शेवटचं वाक्य कुसुमताईंनी हिशेबात धरलं नव्हतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मी धुतले होते एकदा गुरुवारी," त्या म्हणाल्या. "भोसरीच्या खोलीत होतो. समर्थ रांगायचा. म्हणलं, काय होतंय. न्हाले, दारात बसून वाळवले, गाणं पण म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे घरी आले, डबा न उघडलेला. कंपनीला टाळं. दोन वर्षं हाताला काम न्हाई. समर्थला दुधात पाणी घालून पाजलंय मी. आता तुझा नवरा कॉन्ट्रॅक्टवर हाय, बाई. मला परत ते बघायचं न्हाई."

स्वरूपा त्यांच्या शेजारी येऊन बसली.

बोलले ते कुसुमताईंचे यजमान, चिमाजीराव. खुर्चीत बसून ते चहा बशीत ओतत होते. दिवसाचे चार चहा, प्रत्येक बशीतून, हे त्यांचं निवृत्तीनंतरचं कामकाज. बशी ओठांपाशी थांबली होती.

"अगं... टाळं मंगळवारी लागलं होतं."

"काय?"

"मंगळवारी. मंगळवार, बुधवार मी डबा घेऊन निघायचो अन् नाशिक रस्त्याला झाडाखाली बसायचो. डबा खायचो, शिफ्ट सुटायच्या वेळेला परत. गुरुवारी सुट्टीच, सांगायचं काम पडलं न्हाई. शुक्रवारी मातर घास उतरंना. मग सांगितलं."

"म्हंजी मी न्हाले तवा..."

"तवा टाळं लागून दोन दिवस झालते. मी खाटेवर पडून बघत होतो. तू गाणं म्हणत होतीस. मला सांगवलं न्हाई बघ."

मग कुसुमताई उठल्या, नवऱ्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि चहा मोरीत ओतला.

"पंचवीस वर्षं मी डोकं खाजवत गुरुवार काढले. अन् तुमी चहा पीत बसलात."

"चुकलंच माझं."

"नेम मोडायचा न्हाई," कुसुमताईंनी निकाल दिला. "इतकी वर्षं सांभाळलाय, वाऱ्यावर सोडवत न्हाई. पण हितून पुढं तो तुमी पाळायचा."

चिमाजीरावांना हायसं वाटलं. टकलावरून हात फिरवत म्हणाले, "पाळतो की. गुरुवारी डोक्याला पाण्याचा थेंब न्हाई."

"तिथं धुवायला हायच काय! गुरुवारी चहा न्हाई."

पुढच्या गुरुवारी पार्लरची वेळ रद्द झाली आणि गच्चीत चटई पडली. स्वरूपा न्हाली, आणि तिच्या मागोमाग कुसुमताईसुद्धा. दोघी उन्हाकडे पाठ करून बसल्या. आरफानं खालून वर कसं विंचरायचं ते दाखवलं, मात्र आपला कंगवा दिला नाही. "कंगवा ज्याचा त्याचा, मावशी. टोपीसारखाच." स्वरूपा सासूच्या पांढऱ्या केसांतला गुंता सोडवत होती, आणि कुसुमताई ते भोसरीतलं गाणं आठवायचा प्रयत्न करत होत्या. दुसरं कडवं काही केल्या सापडेना.

आता शुक्रवारी टोपीखाली कोरडी, सैल वेणी जाऊ लागली. पहिल्या महिन्यात फरक फक्त चिमाजीरावांच्या तोंडावर दिसत होता. मग न्हाणीची जाळी तुंबायची थांबली. होळीच्या सुमारास स्वरूपानं जेवणाच्या सुट्टीत टोपी काढली, डब्याशेजारी ठेवली आणि निवांत जेवली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा कुसुमताईंनी त्या दिवशी शिरा केला. कारण विचारलं तर म्हणाल्या, रवा संपवायचा होता.

गोजाबाई आल्या त्या गुरुवारीच. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांची नजर स्वरूपाच्या पाठीवर. आरफा लग्नासाठी स्वरूपाच्या हातावर मेंदी काढत होती.

"वैनी, वेणी आखूड झाली की!"

"खालचे शेंडे मेले होते, काढले," कुसुमताई म्हणाल्या. आवाजात पूर्वीचा तोरा नव्हता, पण भीतीही नव्हती.

"अन् कपाळावर हे बारके केस काय उभे राहिलेत, कणसाच्या तुऱ्यावानी?"

आरफानं मेंदीच्या कोनावरून मान वर केली नाही. "ते ट्रेनी आहेत, मावशी. थंडीत जॉइन झालेत. दिवाळीपर्यंत परमनंट होतील."

स्वरूपा इतकी हसली, की मेंदीची वेल मनगटावर वाकडी गेली. गोजाबाई मात्र हसल्या नाहीत. चूळ भरून आल्या, पदर डोक्यावरून थोडा मागे सारला आणि कुसुमताईंना कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाल्या, "माझे पण लई गळायलेत गं. काय लावतीस हिला?"

गोजाबाईंचा भांग दोन बोटं रुंद झाला होता. हे हत्यार हाती आल्यावर ते वापरायचं की नाही, याचा कुसुमताईंनी क्षणभर विचार केला, आणि नाही वापरलं.

"लावायचं थोडं, वाळवायचं जास्त. चल गच्चीत, ऊन हाय तवर न्हाऊन घे."

"आज? अगं, गुरुवार हाय!"

"त्याची सोय हाय. आदी सांग, तुझ्याकडं दाजींना चहा लई आवडतो का?"

तर शेवटची बेरीज अशी. स्वरूपाला केस मिळाले, कुसुमताईंना गुरुवार मिळाला, आणि गोजाबाईंना जे हवं होतं त्याच्या उलटच काहीतरी मिळालं, पण त्या ते घेऊन आनंदानं गच्चीत गेल्या. या सगळ्याचं देणं चुकवणारा माणूस खुर्चीत बसून गरम पाणी बशीत ओतत होता आणि सवयीनं त्यावर फुंकर मारत होता. निम्मी वसुली आता लातुरातून व्हायची होती. दाजींना अजून कुणी काही कळवलं नव्हतं.