एक फुटाणा मागे

आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'पंचधार'. पाच जण होतो म्हणून पंच, आणि धार कशाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक, मुख्य गायक, निवेदक आणि पोस्टरवरचा फोटो असा सगळा मिळून एकच माणूस होता, बाळासो. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. दिवसभर ते एका अडत दुकानात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजायचे आणि संध्याकाळी रेशमी शर्ट घालून कोल्हापूरच्या विरहाची जबाबदारी अंगावर घ्यायचे.

मी नृसिंह, घरचे नरसू म्हणतात. मी बेस गिटार वाजवायचो. दिवसा उद्यमनगरात लेथवर उभा राहून सूत-सूत मोजत पोलाद कापायचो, आणि संध्याकाळी अंदाजानं बोटं टाकायचो. कारण माझ्या गिटारीला पडदेच नव्हते.

पडदे म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्या असल्या की बोट जरा पुढंमागं पडलं तरी सूर जिथल्या तिथं येतो. माझ्या गिटारीची मान मात्र पाटासारखी गुळगुळीत. इथल्या स्टुडिओत वाजवायला आलेला डिकॉस्टा नावाचा गोव्याचा एक म्हातारा होता, त्याची ती. स्टुडिओतलं काम आटलं तसा तो गावाकडं निघाला आणि जाताना मला देऊन गेला, सत्तर साली. तेव्हाच ती त्याच्याइतकीच जुनी दिसत होती.

पुढची नऊ वर्षं मी एकच वाक्य ऐकलं. कार्यक्रम संपला की कुणीतरी मिशीला पीळ देत यायचं आणि म्हणायचं, "बाकी झकास झालं वो, तेवढा बेस बेसूर हाय." त्यावर दाजी मोठा सुस्कारा टाकायचे आणि माझ्याकडं असं बघायचे, जसं काही मीच त्यांच्या पदरात पडलोय, अक्का नव्हे. मी चिडायचो, भांडायचो. पण नऊ वर्षं एकच गोष्ट कानावर पडली की माणसाला ती हळूहळू खरी वाटायला लागते. मलाही लागली होती.

एकोणऐंशीच्या गणपतीत इचलकरंजीच्या एका मंडळाचं पत्र आलं. कार्यक्रम ठरलाय, मात्र यंदा बेस सुरात असावा. दाजींनी ते सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचलं.

"नरसू, यंदा मी ऐकून घेणार न्हाय," ते म्हणाले. "सांगलीचा एकजण हाय, पडद्याच्या गिटारीवर वाजवतोय. त्येला सांगून ठेवलंय."

"आणि मी काय करू?"

"तू कर्णं बांध."

नऊ वर्षं स्टेजवर बसलेल्या माणसानं खांबावर चढून लाऊडस्पीकर बांधायचे! मी उठून उभा राहिलो. काय बोललो असतो ते देव जाणे, पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का बाहेर आली.

"अवं, सांगलीचं मानूस कशाला? ह्येच्याच गिटारीला पडदं बसवा की."

दाजींनी विचार केला. मग एखादी जहागीर दिल्यागत म्हणाले, "आठ दिस देतो. पडदं बसीव आन् ये. न्हायतर कर्णं हाईतच."

पडदे बसवणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेला भोपळा बांधणं. अपमानच तो. पण कर्णे बांधण्यापेक्षा भोपळा बरा, असा विचार करून मी कारखान्यात पितळेच्या वीस पट्ट्या कापल्या आणि रविवारी सकाळी गुंडू मिस्त्रींच्या दुकानात गेलो.

गुंडूमामा महाद्वार रोडमागच्या एका बोळात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. सत्तरी गाठलेली, खिशात कायम फुटाणे, आणि जिभेला हाड नाही. गिटार त्यांनी उलटीपालटी करून पाहिली.

"ही वाजवायची हाय का हिनं धुणं बडवायचं?"

"वाजवायची, मामा. पडदे बसवायचेत."

"मग इतकी वर्सं काय करत हुतास?"

"अंदाजानं वाजवत होतो."

"अंदाजानं!" त्यांनी एक फुटाणा तोंडात टाकला. "बस. भाता मार."

त्यांची पद्धत अशी. पेटी शेजारी ठेवायची. मी एका हातानं भाता मारायचा, दुसऱ्या हातानं ते सांगतील ती पेटीची पट्टी दाबून धरायची. ते गिटारीच्या तारेखाली पितळी तारेचा तुकडा घालून पुढंमागं सरकवायचे. पेटीचा सूर आणि तारेचा सूर एकजीव झाला की तिथं पेन्सिलीनं रेघ. तिथं पडदा बसणार. वीस रेघा मारायला अख्खी सकाळ गेली. मग त्यांनी मान फडक्यानं पुसली, दारातल्या उन्हात तिरपी धरली, आणि फुटाणे चघळणं थांबवलं.

"हे खड्डं कशाचं रं?"

मी वाकून बघितलं. नऊ वर्षं तारा दाबून दाबून लाकडाला बारीक खळगे पडले होते. माझ्याच बोटांचे. आणि ते रेघांवर नव्हते. रेघेच्या जरासे मागे, म्हणजे उतरत्या सुराच्या बाजूला होते. गुंडूमामांनी खिशातला एक फुटाणा काढून रेघ आणि खळगा यांच्या मधे ठेवला. बरोबर बसला. पुढच्या रेघेवर ठेवला, तिथंही बसला. तिसऱ्या रेघेवरही तेच.

म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच होतं. मी नऊ वर्षं एक फुटाणा बेसूर होतो, आणि त्याचा पुरावा लाकडात कोरून ठेवला होता.

"थांब," मामा म्हणाले. "हितं बघ. हितं दोन खड्डं हाईत. एक रेघंच्या मागं, आन् एक बरोबर रेघंवर." त्यांनी मान आणखी तिरपी केली. "सगळीकडंच दोन-दोन हाईत की. ही गिटार दोघं वाजवत्यात काय?"

"नाही. मी एकटाच."

"मग गाणारं दोघं असतील."

आमच्यात गाणारे दोघंच होते. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या पद्मजाताई तीन गाणी म्हणायच्या, आणि उरलेली सात दाजी. रेघेवरचा खळगा उथळ होता. मागचा चांगला खोल होता.

"बेसूर मानूस कसा असतोय, ठावं हाय?" मामा म्हणाले. "कवा हिकडं चुकतोय, कवा तिकडं. तू एकाच जागी चुकलायस, तेबी मापानं. कुणाचा तरी सूर उतरतोय आन् तू त्येच्या मागनं उतरतोयस. त्येला एकट्याला पडू न्हाय दिलास."

खोटं कशाला सांगू, आनंदानं मला नाचावंसं वाटलं. गिटार खांद्यावर घेऊन महाद्वार रोडनं वाजतगाजत जावं, आणि मिशीला पीळ देणाऱ्या एकेकाला थांबवून तो फुटाणा दाखवावा! डिकॉस्टा म्हणायचा, कान उघडा ठेव, बोट आपोआप जाईल. माझं बोट गेलं होतं, पण दाजींच्या मागं. मला न विचारता गेलं होतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पडदे बसले की माझं बोट कुणाच्याच मागं जाऊ शकणार नाही. बेस आपल्या जागी राहील, आणि दाजी चारचौघांत एकटे खाली उतरतील.

गुंडूमामा करवत हातात घेऊन माझ्याकडं बघत होते. त्यांनाही सगळं कळलं असावं.

"चालवू?"

मी चांगला माणूस असतो तर म्हणालो असतो, थांबा. पण माझ्या पोटात नऊ वर्षांचा राग होता, आणि त्यात ते कर्णे ताजे होते.

"चालवा," मी म्हणालो.

खाचा पडल्या. पट्ट्या सरसानं बसल्या, कानशीनं गोल झाल्या. पडद्यांना तारा घासू नयेत म्हणून मामांनी तारा जिच्यावर टेकतात ती खालची घोडी जरा उचलली. गिटार नव्या नवरीसारखी चमकायला लागली आणि मी ती छातीशी धरून घरी आणली.

शनिवारी दुपारी दाजींच्या घरी बाहेरच्या सोप्यात तालीम होती. दाजींनी पडदे बघितले, समाधानानं मान हलवली, डोळे मिटले आणि त्यांचं ठेवणीतलं दुःखी गाणं सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज खाली गेला. माझा बेस काही गेला नाही. इतकी वर्षं त्या आवाजाखाली मऊ गादी होती, ती कुणीतरी काढून घेतली होती. दाजी थांबले.

"पडदं चुकल्यात," ते म्हणाले.

आमचा अॅकॉर्डियनवाला बंडू सरळ स्वभावाचा, म्हणजे थोडा बिनडोक. त्यानं लगेच एक सूर धरला. मी तोच वाजवला. दोन्ही एक झाले.

"बरोबर हाय की दाजी!" बंडू खूष होऊन म्हणाला, आणि मग त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो.

"पद्मजाताई, तुम्ही म्हणा एक," दाजी म्हणाले. पद्मजाताईंनी म्हटलं. आमचा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदाच रेडिओवरच्यासारखा वाजला. गाणं संपल्यावर कुणी कुणाकडं बघेना.

अक्का चहाचे कप घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "अवं, कशाला त्या गिटारीवर खापर फोडताय? तुमचा सूर उतरतोय. लगीन झाल्यापास्नं उतरतोय. न्हाणीत तुमच्या मागं कुठं बेस असतोय?"

बंडूच्या नाकातून चहा आला. दाजी उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

मी अक्काच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. माझं डोकं फिरलं होतं.

"तुला ठाऊक होतं? मग नऊ वर्षं मला शिव्या खाऊ दिल्यास?"

"तू माझा भाऊ हाईस," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तुला कोण बोललं की तू जेवतोस आन् इसरतोस. त्येनी इसरलं नसतं. आज तुला पुन्यांदा कर्ण्यावर धाडलं असतं, म्हणून बोलले. त्येंच्याकडं गाण्याबिगर काय हाय? गूळ?"

माझ्या सख्ख्या बहिणीनं मला न विचारता नवऱ्याच्या पुढं ढाल म्हणून उभं केलं होतं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिचं बरोबरही वाटलं. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

इचलकरंजीला निघालो तेव्हा टेम्पोत दाजी म्हणाले, "आज सगळी गाणी पद्मजाताई म्हणतील. माझा घसा बसलाय. मी नुसतं निवेदन करतो." सांगलीच्या माणसाचं नाव त्यांनी काढलं नाही, कर्ण्यांचंही नाही. मी जिंकलो होतो, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. रेशमी शर्टात ते इतके लहान दिसत होते की मला त्यांच्याकडं बघवेना.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. यंत्रमागांवरून सुटलेली माणसं आली होती, पुढं बायकापोरं बसली होती. पद्मजाताईंची दोन गाणी छान झाली, टाळ्याही पडल्या. तिसऱ्याला ओरडा सुरू झाला. "बाळासो! बाळासोंचं गाणं!" दाजींनी घसा दाखवला. कुणी ऐकेना. शिट्ट्या, आरडाओरडा. "रडवा की वो आमाला!" कुणीतरी मागून ओरडलं. त्या लोकांना सूर किती उतरतो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकून त्यांना हाच माणूस हवा होता.

दाजींनी माईक हातात घेतला आणि वळून माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षांत त्यांच्या नजरेत मी राग बघितला होता, तुच्छता बघितली होती. ही नजर मी ओळखत नव्हतो. ते घाबरले होते.

पडद्याच्या गिटारीवर तार ताणून सूर चढवता येतो, पडद्याच्या खाली मात्र आणता येत नाही. मी बोटांकडं बघितलं, पडद्यांकडं बघितलं. पहिल्याच रांगेत ते पत्र लिहिणारे मंडळाचे सेक्रेटरी बसले होते, कान टवकारून. मग मी वर हात नेला आणि गिटारीच्या चारही खुंट्या एकेक करून जराशा सैल केल्या. किती सैल करायच्या ते मोजावं लागलं नाही. दाजी कुठं येऊन थांबणार ते मला पाठ होतं. बंडूनं डोळे वटारले, मी त्याला गप बसायची खूण केली. दाजींनी हे सगळं बघितलं.

आणि मग ते गायले. उतरलेलेच गायले, मी त्यांच्याखाली तेवढाच उतरून उभा राहिलो, आणि लोकांनी टोप्या उडवल्या. पुढच्या दोन बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पद्मजाताईंच्या गाण्याला मी खुंट्या पुन्हा चढवल्या, दाजींच्या गाण्याला पुन्हा उतरवल्या. रात्रीपर्यंत माझा पंजा दुखायला लागला.

कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरी स्टेजवर आले. "बाळासो, गाणं झकास झालं. पण पावणं, तुमचा बेस यंदाबी उतरलेलाच की वो. पडदं बसवून उपयोग काय झाला?"

मी मान खाली घालून वायर गुंडाळत होतो. सवयच होती.

दाजी पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"बेस न्हाय उतरत," ते म्हणाले. "मी उतरतोय. त्यो मला सोबत म्हणून खाली येतोय."

सेक्रेटरींना ती चेष्टा वाटली, ते मोठ्यानं हसले. दाजी हसले नाहीत. माझी वायर गुंडाळून झाली होती. मी ती पुन्हा सगळी सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते, आणि तेवढं समाधान दाजींना द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती.