शिवलेले खिसे

मशीन दुरुस्त करणाऱ्याने खालच्या कोपऱ्यातलं गोल झाकण फिरवलं. ताटलीत आधी काळपट पाणी आलं आणि पाठोपाठ पांढरा लगदा. त्याने तो चिमटीत धरून घरातल्या सुनेला दाखवला.

"वहिनी, हा बघा कागद. पाणी अडतंय ते याच्यामुळे. मशीनचा काही दोष नाही. कपडे टाकायच्या आधी खिसे बघत चला."

"बघते हो. एखादा सुटतो."

"एखादाच पुरतो."

निघताना त्याने आणखी दोन-चार गोष्टी सांगितल्या. पावडर निम्मी टाका. धुणं झालं की दार उघडं ठेवा, म्हणजे वास मारणार नाही. कागदाचे कण चिकटलेले कपडे ओले असताना चोळू नका, तंतू आणखी आत बसतात; खडखडीत वाळू द्या आणि मग झटका. सुनेने मान डोलावली. यातलं बहुतेक तिला ठाऊक होतं. सासऱ्यांना थांबवायचं कसं, एवढंच ठाऊक नव्हतं.

सासरे आयुष्यभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या पुड्या बांधण्यात त्यांचे हात झिजले होते. आता त्यांना वार सांगता येत नसे, घरातलं न्हाणीघरही सापडत नसे. पण चहाबरोबर दोन बिस्किटं दिली की ते एक खात आणि दुसऱ्याची टिश्यू पेपरात पुडी बांधत. कडा दुमडून, टोक आत खोचून, अशी की उलटी केली तरी कण सांडू नये. मग पुडी खिशात जाई. ती बायकोसाठी असे.

बायको गेल्या वर्षी वारली होती. सुरुवातीला घरच्यांनी त्यांना खरं ते सांगितलं. दर वेळी त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं आणि दर वेळी तसेच रडले. शेवटी सांगणं बंद झालं. "ही आली का?" असं त्यांनी विचारलं, की सून म्हणायची, "येतीलच आता."

"येऊ दे. तिचं काढून ठेवलंय," ते खिसा चाचपत म्हणायचे आणि स्वस्थ बसायचे.

दिवसातून मनाला येईल तेव्हा ते कपडे बदलत आणि काढलेले स्वतःच नेऊन मशीनमध्ये कोंबत. सून शिवणकाम करी. गिऱ्हाईक दारात असलं, की तिची नजर चुके. मग नवऱ्याच्या गडद निळ्या गणवेशावर पांढरे कण यायचे. तो बँकेत सुरक्षारक्षक होता.

मशीन दुरुस्त झाल्यावर आठवडाही गेला नाही, तोच तो कामावरून आला आणि टोपी टेबलावर आपटली.

"साहेबांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, पहाऱ्यावर यायच्या आधी पिठाची गिरणी चालवून येतोस का?"

"मग मी काय करू? बाबांच्या मागे मागे फिरू?"

"तू एवढं जगाचं शिवतेस. त्यांचे खिसे शिवून टाक, जा!"

तो वैतागून बोलला होता. पण ती शिलाई मशीनवरच बसली होती आणि सुईत दोरा ओवलेला होता. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांच्या सगळ्या पँटींचे आणि शर्टांचे खिसे बंद झाले. टाके बारीक, दोरा कापडाच्या रंगाचा. बाहेरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुडी बांधली आणि हात खिशाकडे नेला. हात कापडावरून घसरला. त्यांनी पुन्हा नेला, मग दुसऱ्या बाजूला, मग छातीशी. पँटीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते हाताकडे बघत राहिले.

"सूनबाई, माझा खिसा कुठे गेला गं?"

"द्या ना बाबा, मी ठेवते."

"नको. तू विसरशील."

त्यांनी पुडी मुठीत धरली. जेवायला बसेपर्यंत तिचा भुगा झाला होता. पुढचे काही दिवस असंच चाललं. मग एका संध्याकाळी त्यांनी दोन्ही बिस्किटं खाल्ली आणि हात झटकले.

धुणं स्वच्छ निघू लागलं. गणवेश नव्यासारखा दिसायला लागला. "बघ, सुटला की नाही प्रश्न!" नवरा म्हणाला. घर एवढं शांत का वाटतंय, हे तिला तेव्हा कळलं. "ही आली का?" असं कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

तिने सगळे खिसे उसवले. सासऱ्यांना डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच पुढे सरकतो, घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. खिशांचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिने चहा केला. बिस्किटं ठेवली, शेजारी टिश्यू ठेवला. त्यांचा हात धरून उसवलेल्या खिशात घातला.

"बाबा, खिसा आहे बघा. एक बिस्किट आईंसाठी ठेवा."

"कोणाच्या आई?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती, अनोळखी माणसाची विचारपूस करताना असते तेवढी. बोलता बोलता त्यांच्या बोटांनी टिश्यू उचलला होता. कडा दुमडल्या, टोक आत खोचलं. पुडी चोख झाली. आत काही नव्हतं. त्यांनी ती तिच्यापुढे धरली.

"ही दोन वेळा घ्या, बाई. कोमट पाण्याबरोबर. बरं वाटेल."

"हो," ती म्हणाली. पुडी तिने एप्रनच्या खिशात ठेवली, मोजपट्टी आणि खडूशेजारी.

पुढच्या धुण्याला नवऱ्याने मशीनचं दार उघडलं आणि गणवेश बाहेर ओढला. तो पांढरा झाला होता.

"अगं, परत? बाबांचे खिसे बघितले नाहीस?"

"बघितले. रिकामे होते."

"मग हे आलं कुठून?"

तिने ड्रममधून आपला एप्रन काढला, खिसा उलटा केला. शिवणीच्या कोपऱ्यात लगदा चिकटला होता. नवऱ्याने एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तो ओल्या बाहीवरचे कण नखाने खरवडू लागला.

"चोळू नकोस," ती म्हणाली. "आधी वाळू दे."