चौथ्या पायरीवर ढकललेला मथळा

मित्रांनो, मी एक जुना हॅश आहे, संगणकावरचे # हे चिन्ह. दोन उभ्या नि दोन आडव्या रेघांचा. मला जरूर पाहा, पण लांबूनच. माझा आता कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

पीठ मळणारी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत माझा जन्म झाला. तिथे यंत्रांची माहितीपुस्तके लिहिणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे दीर तिथेच मेकॅनिक, म्हणून सगळी कचेरी त्यांना वहिनीच म्हणे. साध्या मजकुराच्या फायलीत ओळीच्या आरंभी मी उभा राहिलो की ती ओळ मथळा होते. एकटा असलो तर पुस्तकाचे नाव, दोघे असलो तर प्रकरण, तिघे असलो तर पोटप्रकरण; आम्ही जितके जास्त, तितके अक्षर लहान. वहिनींची शिस्त कडक. माझ्यानंतर एक जागा मोकळी, मथळ्याच्या वर-खाली रिकामी ओळ, आणि पायरी कधी गाळायची नाही.

मी नि माझा जोडीदार 'आधी वीज तोडा' या ओळीपुढे उभे होतो. त्यानंतर 'पाती साफ करणे'. भाऊजी मोबाइलवर मथळ्यांतून आपोआप बनणारी अनुक्रमणिका उघडून तिच्याच क्रमाने काम करायचे. "वहिनी, तुमची यादी असली की डोळे मिटून चालावं," असे ते म्हणाले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग नव्या यंत्राचे पुस्तक आले; त्यातही त्याच ओळीपुढे आम्ही दोघे होतो. त्याबरोबर पानांची सजावट करणारे एक साहेबही आले. माणूस फार गोड बोलायचा, तिथेच मला शंका आली.

"ही ओळ केवढी मोठी दिसते! अंगावर ओरडल्यासारखी," असे म्हणून त्यांनी आमच्या शेजारी आणखी दोन हॅश घुसवले.

"आम्ही फक्त अक्षर लहान करायला आलोय," ते दोघे म्हणाले. कुठेतरी पाणी मुरत होते. नियम तपासणारा प्रोग्रॅम कुरकुरला, की मधली पायरी गाळून एकदम चौथी कशी? साहेबांनी त्यालाच बंद केले. "याची रोजचीच कटकट!"

अनुक्रमणिका तीनच पायऱ्या दाखवते, हे त्यांच्या गावीही नव्हते. वहिनींनी पान पाहिले. ओळ जागेवर होती, म्हणून त्यांनी मान डोलावली. मी मात्र धास्तावलो होतो.

काही दिवसांनी भाऊजी उजव्या हाताला बँडेज बांधून वहिनींच्या टेबलापाशी आले.

"वीज तोडली नव्हतीत?" वहिनींनी विचारले.

"यादीत नव्हतं ना. म्हटलं, नव्या यंत्रात आपोआप तुटत असेल. दोन बोटं गेली."

वहिनी रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी ते दोन हॅश काढले, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि मोबाइल दिरासमोर धरला. 'आधी वीज तोडा' यादीत परत आले होते. मला हायसे वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

मित्रांनो, मथळा डोळ्यांना खुपतो म्हणून त्याची पायरी बदलू नका. अक्षर लहान करायचे तर त्याचे उपाय वेगळे आहेत. पायरी वाचणाऱ्याला वाट दाखवण्यासाठी असते. 'फक्त दिसण्यापुरता बदल' असे कुणी म्हटले, तर माझ्यासारखेच सावध व्हा.

भाऊजींनी डाव्या अंगठ्याने यादी शेवटपर्यंत सरकवली, पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली.

"वहिनी, अजून काही दडलेलं नाही ना यात?"

वहिनींनी पुस्तकाची फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून एकेका मथळ्यापुढचे हॅश मोजायला घेतले.