ड्रायव्हिंग स्कूलमधली मंडळी

"क्लच! बाई, क्लच!" असं ओरडत मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. समोरून रस्ता ओलांडणारं कुत्रं क्षणभर थांबलं, त्यानं काचेतून दोघांकडे बघितलं आणि ते निवांत पुढे गेलं.

"त्याला माझ्यापेक्षा जास्त नियम कळतात," पाळकबाई म्हणाल्या.

"त्याला जीव प्यारा आहे. न्यूट्रल करा, पुन्हा चालू करा."

पाळकबाई म्हणजे मास्तरांच्या उभ्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड विद्यार्थिनी. त्यांचं लक्ष रस्ता सोडून सगळीकडे असायचं. मोठ्या चर्चच्या त्या पाळक. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत होत्या. दोन बायकांनी आयुष्यभर एकमेकींबरोबर राहायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता. तोही चर्चमध्ये नव्हे, त्या दोघींच्याच घरी, बाहेरच्या खोलीत. पण बातमी फुटली, कमिटी बसली आणि बाईंची गच्छंती झाली.

हे सगळं मास्तरांच्या कानावर आलेलं होतं, पण त्यांनी विषय काढला नव्हता. ते स्वतः कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढले नव्हते, आणि का चढले नाहीत हे कुणी विचारलेलं त्यांना चालत नसे.

गाडीनं वळण बऱ्यापैकी घेतलं. त्या आनंदात बाईंनी विचारलं, "मास्तर, रविवारी तुमची खोली रिकामीच असते ना?"

"समोर बघा."

"बघतेय. असते ना?"

"असते. का?"

"आम्हाला उपासनेला जागा हवीये. थोडेच लोक आहोत."

"गियर बदला," मास्तर म्हणाले. गाडीनं वेग धरल्यावर पुढे बोलले, "जाताना बाकं होती तशी लावायची. खोली झाडून द्यायची. आणि मी काही आत बसणार नाही."

"तुम्हाला बसा कोण म्हणतंय?"

ड्रायव्हिंग स्कूलची खोली बाजारातल्या एका इमारतीत, शिवणाच्या दुकानाच्या वर होती. भिंतीभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आणि मधोमध टेबलावर शिकवण्यासाठी उघडून ठेवलेलं एक जुनं इंजिन. पहिल्या रविवारी ते इंजिन चौघांनी धापा टाकत कोपऱ्यात नेलं, टेबलावर पांढरं कापड घातलं आणि त्याचीच वेदी केली. वेदीच्या बरोबर मागे 'प्रवेश बंद'ची लालभडक पाटी होती. स्क्रूनं भिंतीत घट्ट बसवलेली, त्यामुळे बाईंनी तिच्यावर चादर टाकली. प्रवचन ऐन रंगात आलं असताना चादर घसरून खाली आली आणि पाटी सगळ्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

बाई चादर उचलायला वाकल्या. मग घड्याळवाल्या थोरल्यांना हसू फुटलं. "असू द्या हो, बाई. ही पाटी आम्ही पुष्कळ ठिकाणी बघितलीय. तिच्याखाली बसायला बाक मात्र आजच मिळालं."

थोरले आणि धाकटे यांचं बाजाराच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. दोघं एकत्र राहायचे, एकत्र दुकान उघडायचे. सगळा बाजार त्यांना भाऊ समजत असे आणि तो समज सगळ्यांच्याच सोयीचा होता. त्यांच्याशिवाय पहिल्या दिवशी आल्या होत्या त्या आशीर्वाद घेतलेल्या दोघी आणि सरकारी दवाखान्यातली नर्स. आईबापांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. मुलगी म्हणून ती समोर आली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. आता लहान मुलांच्या वॉर्डात तिच्यावाचून पान हलत नव्हतं. शिवणाच्या दुकानातली मावशीही आली होती. तिचं कुणाशी काहीच वाकडं नव्हतं. "मोठं चर्च लांब पडतं, माझे गुडघे दुखतात," एवढंच तिचं म्हणणं.

मास्तर बाहेर जिन्यावर पेपर वाचत बसायचे. शेवटी कुलूप लावायचं म्हणून थांबतो, असं ते सांगत. पण कानांना कुलूप कसं लावणार? एके काळी मोठ्या चर्चच्या गायकवर्गात मास्तरांचा खर्जातला आवाज सगळ्या गाण्याला तळाशी धरून ठेवायचा. आणि इथे आत जे चाललं होतं, त्याला गाणं म्हणायचं ते केवळ शब्द ओळखू येत होते म्हणून. काही रविवार त्यांनी सोसलं. मग एकदा पेपर आपटून ते दारात जाऊन उभे राहिले.

"थांबा! पहिलीच ओळ एवढ्या वर धरलीत, तर शेवटच्या कडव्याला काय शिडी लावणार?"

धाकटे शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही धरून द्या."

मास्तरांनी सूर धरून दिला. आता धरून दिलाच आहे तर कडवं पुरं करावं, म्हणून ते थांबले. पुढच्या रविवारी त्यांनी पेपर आणला नाही.

मोठ्या चर्चचे सेक्रेटरी एकदा मुद्दाम भेटायला आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही जुने माणूस. तुमच्या खोलीत काय चालतं, कल्पना आहे ना?"

"आहे की. भयंकर चालतं."

"तेच म्हणतोय मी."

"सुधारतील हो हळूहळू. नर्सबाईंचा आवाज चांगला आहे, फक्त ताल चुकतो."

सेक्रेटरी चहा न घेताच गेले.

मंडळी वाढत गेली. लेकाला घरातून हाकलून लावल्याचा पस्तावा झालेले एक आईबाप आले आणि पुढच्या खेपेला लेकालाही घेऊन आले. नर्सनं वॉर्डातल्या दोन आया आणल्या. बाकं कमी पडायला लागली तशी मावशी खालून शिवणाची स्टुलं वर पाठवू लागली. मधल्या काळात पाळकबाई परीक्षा पासही झाल्या. त्या दिवशी मास्तरांनी पेढे खाल्ल्यासारखं तोंड केलं, पण म्हणाले एवढंच, "सुटलो."

मास्तरांना एक लेक होती, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. विचारत कुणी नव्हतं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि एका मैत्रिणीबरोबर राहायची. ती निव्वळ मैत्रीण नाही, हे तिनं बाबांना समोर बसून सांगितलं होतं. तेव्हा मास्तरांची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि चर्चची पायरीही त्यांनी त्याच सुमारास सोडली. मास्तर ओरडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. "घर तुझंच आहे," ते म्हणाले होते. "केव्हाही ये. पण एकटी ये." आपण केवढा मोठेपणा दाखवला, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. लेक आलीच नाही. रविवारी संध्याकाळी तिचा फोन मात्र चुकत नसे.

"गोळ्या घेता ना, बाबा?"

"घेतो."

"जेवलात?"

"जेवेन आता."

सकाळी आपण कुठे होतो, कुणाबरोबर गात होतो, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. एकदोनदा ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

मग थोरले गेले. दुपारी दुकानातच, डोळ्याला भिंग लावलेलं असताना, खुर्चीत बसल्या बसल्या. बाहेरगावाहून पुतण्या आला, त्याच्याबरोबर चारदोन नातेवाईक आले आणि सगळं त्यांनी हातात घेतलं. माणसं वाईट नव्हती. शवपेटी चांगली आणली, फुलं आणली. कब्रस्तानात कुणीतरी धाकट्यांकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा पुतण्या अदबीनंच म्हणाला, "ते काकांचे दुकानातले सहकारी."

धाकटे पार मागे, नर्सशेजारी उभे होते. हातात थोरल्यांचा चष्मा होता. तो घालायचा की पेटीत ठेवायचा, हे न ठरल्यासारखा त्यांनी धरून ठेवला होता.

पेटी खाली गेली. कबर खोदणारा नेहमीप्रमाणे म्हणाला, "घरच्यांनी माती द्यायला पुढे या."

नातेवाईक पुढे सरकले. पाळकबाई काही बोलणार, इतक्यात भर रस्त्यात गाड्या थांबवणारा आवाज आला, "थांबा!"

सगळे वळले. मास्तर लाल झाले होते. "घरचा माणूस मागे राहिलाय."

"आम्हीच घरचे आहोत," पुतण्या गोंधळून म्हणाला.

"तुम्ही पाहुणे. आलात, फार बरं केलंत. पण ह्यांनी उभा जन्म त्या माणसाबरोबर काढलाय. त्याची दुखणी काढली, त्याचं घोरणं ऐकलं. त्यांना आधी वाट द्या."

पुतण्यानं एकदा धाकट्यांकडे बघितलं. मग तो बाजूला झाला आणि त्याच्यामागचेही झाले. धाकटे पुढे आले. वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, पण मूठ काही उघडेना. मास्तरांनी त्यांचं मनगट खालून धरलं आणि मूठ सुटेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

घरी आल्यावर मास्तरांनी हातपाय धुतले आणि फोन उचलला. तो रविवार नव्हता.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. एक विचारायचं होतं." मास्तर थांबले. "माझ्या मयताला ती कुठे उभी राहील?"

"कोण?"

"ती. तुझी. कुठे उभी राहील ती?"

मग लेक म्हणाली, "बाबा, मयताचं मरू दे. तुम्ही जिवंत आहात तोवर ती कुठे बसेल, ते सांगा."

मास्तरांना आधी हसू आलं आणि मग ते आवरेना. हसता हसताच त्यांचा आवाज चिरकला. "रविवारी या," ते म्हणाले. "दोघी या. बाक धरून ठेवतो."

दोघी आल्या. जिना चढून आल्यामुळे धापा टाकत, उपासना सुरू झाल्यावरच पोचल्या. ती मैत्रीण बुटकी होती, केस थोडे पांढरे झालेले, खांद्याला जड पिशवी. मास्तरांनी मान हलवली, तिनंही हलवली. मावशीनं सरकून जागा केली.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. प्याला फिरवायची पाळी मंडळीतल्या कुणाची ना कुणाची असे, आणि प्याला देताना समोरच्याचं नाव घ्यायचं, ही पाळकबाईंची रीत होती. मंडळीतल्या माणसांना इतर ठिकाणी त्यांचं नाव सोडून बाकी सगळं म्हणून झालं होतं. आज पाळी मास्तरांची होती. नर्सला नाव घेऊन दिला, मावशीला दिला. धाकट्यांना देताना त्यांच्यासमोर थोडा जास्त वेळ थांबले. लेकीला दिला तेव्हा तिच्या आईनं ठेवलेलं लाडकं नाव तोंडून गेलं. लेकीनं चटकन वर बघितलं.

पुढे ती होती. मास्तर थबकले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'ती' म्हटलं होतं, 'तुझी मैत्रीण' म्हटलं होतं, बहुतेक वेळा काहीच म्हटलं नव्हतं. लेक सांगायला पुढे झुकली. मास्तरांनी तिला हातानं थांबवलं.

"तुझं नाव काय, पोरी?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. मास्तरांनी ते म्हटलं, पण मधलं अक्षर चुकलं. तिनं हळूच दुरुस्त केलं. मास्तरांनी घसा साफ केला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ते नाव पुन्हा, बरोबर म्हटलं आणि तिनं हात पुढे करेपर्यंत प्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.