रुचिराने बंदरावर जाणं सोडलं

माझा धाकटा दीर दीपेश मासेमारीच्या लाँचवर तांडेल आहे, लाँच तोच चालवतो. लाँच मिरकरवाडा बंदराला लागायच्या आधीच त्याची बायको रुचिरा धक्क्यावर उभी असायची. रेंज आली की हिचे फोन सुरू. खलाशी म्हणायचे, "तांडेल, हवालदारीण आली." मग दीपेश फोन बंद करून शेजारच्या लाँचवर उडी मारायचा आणि पलीकडून पसार व्हायचा. घरी ती रडली की म्हणायचा, "मला जरा सुटं सोड गो." मला दोघांचाही राग यायचा, तिचा जास्त. इतकी कसली लोचट बाई!

लग्न मोडायला आलं तेव्हा तिनेच त्याला शहरातल्या समुपदेशक बाईंकडे ओढत नेलं. बाईंनी सांगितलं, रुचिराने धक्क्यावर जायचं नाही, फोन करायचा नाही. रेंज आली की दीपेशने करायचा आणि मनातलं बोलायचं.

पहिल्या वेळी ती माझ्याजवळ बसून बांगडे कापत होती. नजर सारखी फोनवर, म्हणून मी कोयती काढून घेतली. फोन आला. "पोचतोय," एवढंच. ती दिवसभर हसत होती.

पुढे तो खरंच बोलायला लागला. आधी वाऱ्याबद्दल, मग जेवणाबद्दल, मग तुझी आठवण येते म्हणाला. तोवर रुचिराला कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली होती. ती फोन कानाशी धरून साड्यांच्या घड्या घालायची.

मग वादळात लाँचचं इंजिन बंद पडलं. सगळ्या बायका धक्क्यावर धावल्या. मी तिला म्हटलं, चल. "बाईंनी नको सांगितलंय," म्हणाली आणि कामाला गेली. दुसऱ्या लाँचने त्यांना ओढून आणलं. दीपेश उतरला तो गर्दीत तिलाच शोधत होता.

"वयनी, रुचिरा कुठे?"

मी खरं ते सांगितलं. घरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो पोरासारखा रडला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, मग काढून घेतला.

"मला जरा सुटं सोड," म्हणाली.

आता लाँच बंदरात असली की तो संध्याकाळी तिच्या बसची वाट बघत नाक्यावर उभा राहतो. ती एक स्टॉप आधी उतरून मागच्या वाटेने येते. मी एकदा रागाने विचारलं, "तुला त्याची दया येत नाही?"

"येते ना, ताई," ती चप्पल काढत म्हणाली. "रोज पिठाच्या गिरणीआड थांबून बघते त्याला. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे बघून बरं वाटतं. मग येते घरी."