महिपतीची टाकी

मोरीतल्या जाळीखाली काहीतरी गुडगुडलं आणि दुपारची शांतता मोडली.

स्पृहा माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. रविवारी ती झोपली की मिळणारा तास माझा असतो. त्या तासात वाचायचं, लिहायचं किंवा नुसतं छताकडे बघायचं. पण तो आवाज आला की माझं मन पाण्याबरोबर खाली जातं. पाइपांतून, पार्किंगखालून, महिपतीच्या टाकीपर्यंत.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी केमिस्ट आहे. मांजरी गावातल्या या सोसायटीत राहायला आले आणि इथली टाकीही आपसूक माझ्या गळ्यात पडली. महिपती तिथला ऑपरेटर. गाव इथलंच. सोसायटीच्या पायाचे खड्डे खणले जात होते तेव्हापासून तो इथे आहे.

इंटरकॉम वाजला.

"म्याडम, जरा येता का? टाकी आज बसंना."

स्पृहा उठलीच. तिला कडेवर घेऊन खाली गेले. महिपती गमबूट घालून उभा होता, हातात काचेचं उभं भांडं. रोज सकाळी टाकीतलं पाणी त्यात भरून तो ते कठड्यावर ठेवतो. टाकी निरोगी असली की तपकिरी गाळ सावकाश तळाला बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. आज तळापासून काठापर्यंत एकच गढूळ रंग होता.

"सकाळधरनं ठेवलंय. नुसता चहा झालाय बघा."

टाकीवर पांढरट फेस आला होता. नाकात अमोनिया चढत होता. तेवढ्यात सेक्रेटरी देवस्थळी जिना उतरून आले, नाकाला रुमाल लावून.

"काय हो नम्रताताई, पाणी इथे शुद्ध होतं, की नुसतं फेरफटका मारून परत येतं? हे पाणी घातलेल्या बागेत आज कुणाला बसवेना." मग महिपतीकडे वळून, "संध्याकाळी मीटिंग आहे. तुमचे कंट्रॅक्टरही येणार आहेत. आपणही या महिपतीराव, झोपेतून सवड झाली तर."

महिपतीने भांडं कठड्यावर ठेवलं. देवस्थळी वर गेल्यावर म्हणाला, "झोपलो न्हाई हो मी. हवेचा ब्लोअर एक दिस बंद ठिवला न्हाई."

"मला माहीत आहे."

"तुमाला हाय. त्यांना कोण सांगणार? हे काम गेलं तर मला दुसरं काय येतंय?"

बाटलीत थोडं पाणी घेऊन मी वर आले. डायनिंग टेबलावर माझा कॉलेजपासूनचा मायक्रोस्कोप आहे, स्पृहाच्या रंगपेट्यांच्या गर्दीत. टाकीतले जीव तिला पाठ आहेत. त्यातला एक अगदी घंटेसारखा असतो, बारीक दोऱ्यावर उभा. धक्का लागला की दोरा स्प्रिंगसारखा मिटतो, मग परत उलगडतो. ती त्यांना घंटीबाळं म्हणते. आज दोरे होते. घंटा एक तर गळून पडलेल्या, नाहीतर ताठ, न हलणाऱ्या.

"झोपलीयत?" स्पृहाने माझ्या गुडघ्यावर चढत विचारलं.

मी काच बदलली. परत बदलली. गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, ते पुसायचं सोडून तिसरी काच लावली. असं टाकीभर एकदम मरण कशाने येतं? फिनेलने, ॲसिडने. पण तसा कसला वास नव्हता. मी इंटरकॉम उचलला.

"महिपती, टाकीत नवीन काही टाकलंत का? आठवून सांगा."

"टाकलं की. वासाचं औषध. घिऊन येतो."

तो दाराबाहेर गमबूट काढून उभा राहिला, हातात पांढरा कॅन. कॅन मी लगेच ओळखला.

हमीदाकाकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. शाळा सुटली की स्पृहा त्यांच्याकडेच असते. काकूंच्या घरी मोज्यांना फिनिशिंग करायचं काम चालतं. एका टबात करडं पाणी, त्यात बुडवलेले मोजे, मग गॅलरीभर दोऱ्या. त्या पाण्यात चांदी असते, डोळ्यांना दिसणारच नाही इतकी बारीक केलेली. असे मोजे दिवसभर घातले तरी घामट वास येत नाही, कारण वास करणारे जंतूच मरतात. टबात उरलेलं पाणी फेकायला काकूंचा हात धजत नसे. "चांदी आहे बाई त्यात," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "मोरीत कशी ओतू?"

"काकू म्हणाल्या, जंतू मारायचं औषध हाय, तुझ्या टाकीला वास येतो तर घाल की," महिपती सांगत होता. "मी म्हटलं, आपल्या कामाचंच हाय. रोज सकाळी घालायचो, देवाला पाणी घालावं तसं. का? कमी पडलं व्हय?"

मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"महिपती, टाकी चालते ती जंतूंवरच. तुमचा ब्लोअर हवा देतो, पण घाण खातात ते जंतू. अमोनिया पचवणारे तर फार नाजूक असतात. मोज्यातला जंतू कुठला आणि टाकीतला कुठला, हे चांदीला कसं कळणार?"

त्याने हातातला कॅन हळूच खाली ठेवला, जड असल्यासारखा.

"म्हंजे मीच मारली टाकी."

"तुम्हाला माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं."

"काकूंचं नाव घिऊ नगा." तो पहिल्यांदाच घाईने बोलला. "भाड्यानं ऱ्हातात त्या. हितं जागा मिळायला त्यांना किती फिराय लागलं, तुमाला ठावं हाय. घरात धंदा करतात म्हणून देवस्थळीसाहेब आधीच टपून बसल्यात. आन् त्यांना बी काय सांगू नगा. सांगितलं तर स्वतःच्या पायानं मीटिंगीत येतील आन् म्हणतील, मी दिलं."

"आणि तुम्ही?"

"बघू की."

स्पृहा टेबलाखाली रंग भरत होती. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

तो गेल्यावर मी हमीदाकाकूंकडे गेले. दोरीवरचे मोजे बाजूला सारत त्या म्हणाल्या, "ये गं. किती उतरलाय चेहरा! पोरगी झोपू देत नाही का?"

"काकू, महिपतीला आता ते पाणी देऊ नका. पुरे झालं. उरेल ते मला देत जा. आमच्या लॅबमध्ये लागतं."

"घे की. तुझ्या अभ्यासाच्या उपयोगी पडत असेल तर चांगलंच." त्यांनी तेव्हाच एक कॅन भरून दिला, वर झाकणाला प्लास्टिक बांधून. जिना चढताना तो माझ्या पायावर आपटत होता.

मीटिंगला मी सगळं नीट समजावून सांगितलं. चांदीचे सूक्ष्म कण, मेलेले जंतू, दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ आणून पुन्हा विरजण लावणं. गाळातही चांदी उतरली असणार, तेव्हा तो बागेत खत म्हणून घालू नका, हेही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग देवस्थळींनी विचारलं, "ते सगळं ठीक. पण ओतलं कुणी?"

"मी ओतलं साहेब," मागून महिपती म्हणाला. "बाजारात मिळालं. वासावर चांगलं म्हणाले."

"वा! आता डॉक्टरकीही सुरू केलीत."

लोक हसले. मी तोंड उघडलं. महिपतीने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. कंट्रॅक्टर म्हणाला, उद्यापासून दुसरा माणूस येईल.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. घरात बसवेना. कणीक भिजवायला घेतली आणि तशीच ठेवून खाली गेले. गाळाचा टँकर आला होता. नवा ऑपरेटर अजून रस्ता शोधत होता, आणि पाइप धरून उभा होता तो महिपतीच. घरून आणलेला गूळ बादलीत कालवून त्याने टाकीत सोडला.

"नवीन जागा हाय त्यांना," तो म्हणाला. "दोन-चार दिस गोड घाला. मग घाण खायला लागतील."

मग गमबूट धुऊन पिशवीत भरले आणि फाटकाकडे निघाला. मी त्याच्या मागे गेले.

फाटकात हमीदाकाकू स्पृहाला शाळेतून घेऊन येत होत्या. महिपतीने त्यांना हात जोडले. "येतो काकू."

"जप रे बाबा," त्या म्हणाल्या. तो रस्त्याला लागल्यावर माझ्याकडे वळल्या, आवाज खाली आणून. "ऐकलं मी, नम्रता. बाजारातून कसलं विष आणून ओतलं म्हणे त्याने! असा वाटला नव्हता गं. सरळ माणूस वाटायचा. तरी बरं, माझं औषध होतं म्हणून टाकी इतके दिवस टिकली."

स्पृहाने त्यांचा हात सोडला. कोपऱ्यावर वळणाऱ्या महिपतीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग माझा कुडता ओढला.

"आई, सांगू?"